एका पिशवीतल्या दोन गोळ्या



आपल्या वस्तीत गोळ्यांची पिशवी नाही असे घर आता शोधूनच काढावे लागेल. कुठे ती खुंटीला टांगलेली असते, कुठे डब्यांच्या फळीवर, कुठे बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या कोनाड्यात. पिशवी उघडली की आत बीपीची गोळी, शुगरची गोळी, गुडघ्याची गोळी, मागच्या महिन्यातल्या तापाच्या उरलेल्या चार कॅप्सूल आणि नाव पुसून गेलेले एखादे पाकीट निघते.

या गोळ्या एका हातून आलेल्या नसतात. बीपीची गोळी साखरखेर्ड्याच्या सरकारी केंद्रातून आलेली असते. गुडघ्याची खासगी डॉक्टरांनी दिलेली असते. छातीत दुखले म्हणून कोणी मेहकरला गेलेले असते, कोणी चिखलीला, कोणी जालन्याला, कोणी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात. उरलेली गोळी मेडिकलवाल्याने "ही घे, बरे वाटेल" म्हणून दिलेली असते. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर औषध दिलेले असू शकते. पण ही सगळी औषधे जातात एकाच पोटात आणि फिरतात एकाच रक्तात. तिथे गेल्यावर ती एकमेकांना भेटतात. कधी एक गोळी दुसरीला निकामी करते, कधी दुसरीचा जोर दुप्पट करते, कधी दोघी मिळून एकाच अवयवावर घाव घालतात.

या महिन्याच्या आरोग्य पानात आपण हेच समजून घेणार आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा लेख वाचून चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपीची, शुगरची, फिट्सची, टीबीची गोळी अचानक सोडली तर त्यातून होणारे नुकसान फार मोठे असते. हे वाचायचे ते प्रश्न विचारण्यासाठी.

औषधे एकमेकांत कशी अडकतात

याच्या मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट पोटातली. गरोदर बाईला सिस्टर सांगतात, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नकोस. त्याचे कारण हेच. कॅल्शियम लोहाला आतड्यातून रक्तात नीट जाऊ देत नाही. थायरॉइडच्या गोळीचेही तसेच. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि लोह किंवा कॅल्शियम तिच्यानंतर किमान ४ तासांनी. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन ही जंतुविरोधी औषधेही लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर घेतली तर पुरती लागू पडत नाहीत. या भानगडीचा उपाय सोपा आहे. दोघींच्या वेळा वेगळ्या ठेवायच्या.

दुसरी वाट यकृतातली. आपण घेतलेल्या बहुतेक औषधांची विल्हेवाट यकृत लावते. काही औषधे यकृताला जास्त कामाला लावतात. मग दुसरी गोळी आपले काम करण्याआधीच शरीराबाहेर फेकली जाते. काही औषधे याच्या उलट यकृताचे काम अडवतात. मग दुसरी गोळी रक्तात साठत जाते. रोजची एकच गोळी घेतली तरी अंगाला ती दोन-तीन गोळ्यांएवढी लागते.

तिसरी वाट म्हणजे दोन्ही गोळ्यांचा मारा एकाच ठिकाणी होणे. दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या, दोन्ही साखर उतरवणाऱ्या, दोन्ही गुंगी आणणाऱ्या. एकटी असताना सोसवते, दोघी मिळून सोसवत नाहीत.

गुडघ्याची गोळी आणि बीपीची गोळी

आपल्या घरांत सर्वांत जास्त दिसणारी जोडी हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडे जास्त बोलू.

समजा, साठीच्या एका आजीला बीपी आहे. तिला टेल्मिसार्टन ही गोळी चालू आहे. त्याच गोळीत किंवा वेगळी अशी लघवी वाढवणारी गोळीही आहे, तिचे नाव हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले. दिवसभर वाकून कंबर आणि गुडघे धरले. मग डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक सुरू झाली, सकाळी एक, रात्री एक. कधी सुईही टोचून घेतली. दुखणे थांबले, काम झाले, हजेरी बुडाली नाही. पण आत किडनीवर काय झाले?

ठिबकचा संच डोळ्यांसमोर आणा. फिल्टरमध्ये पाणी दाबाने आले तरच ते गाळून पुढे जाते. आत येणारा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला, पुढचा व्हॉल्व्ह मोकळा सोडला आणि त्यात विहिरीचे पाणीही खाली गेले, तर फिल्टर चांगला असूनही गाळण होत नाही. किडनीतली बारीक गाळणी अशीच दाबावर चालते. दुखण्याची गोळी आत येणारी रक्तवाहिनी आवळते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. लघवीची गोळी अंगातले पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आल्या की गाळणीतला दाब पडतो. आणि हे सगळे उन्हात, घाम गाळत, दिवसभरात दोन तांबे पाण्यावर चालले असेल तर विहीर आणखीच खाली जाते.

हा नुसता अंदाज नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ साली एक मोठा अभ्यास छापून आला. बीपीची औषधे घेणाऱ्या सुमारे ४ लाख ८७ हजार लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. वर सांगितलेल्या दोन प्रकारच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर दुखण्याची गोळी घेणाऱ्यांमध्ये किडनीला अचानक इजा होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त आढळले. तिन्ही सुरू केल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत ते ८२ टक्क्यांनी जास्त होते. म्हणजे सर्वांत नाजूक काळ पहिल्या महिन्याचा. आपल्याकडे दुखण्याची गोळी सोंगणीच्या, वेचणीच्या हंगामात महिना-पंधरा दिवसच घेतली जाते आणि "थोडे दिवस घेतली तर काय होते" असे म्हटले जाते. त्या थोड्या दिवसांतच जपायचे असते.

याच जोडीची दुसरी खोड अशी की दुखण्याची गोळी बीपी वाढवते आणि बीपीच्या गोळीचा असर कमी करते. मग बीपी मोजले की वर गेलेले दिसते. डॉक्टरांना दुखण्याच्या गोळीची कल्पना नसते, म्हणून ते बीपीची आणखी एक गोळी वाढवून देतात. पिशवी जड होते, दुखणे तिथेच राहते.

डायक्लोफिनॅक किडनीला काय करू शकते याचा एक पुरावा आपल्या डोळ्यांसमोरून नाहीसा झाला आहे. पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की गिधाडे उतरत. ती देशभरातून झपाट्याने का कमी झाली याचा शोध २००४ साली लागला. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांच्या किडन्या निकामी होत होत्या. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसाची किडनी गिधाडासारखी नाही, आणि गरजेपुरते, तब्येत पाहून दिले तर हे औषध माणसाला उपयोगाचेच आहे. पण ते चणे-फुटाण्यांसारखे खाण्याचे औषध नाही, एवढे यातून समजावे.

आपण घाटावरचे लोक. घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराचे हाल कितीतरी घरांनी भोगले आहेत. आपल्या सोयरिकी तिकडेही आहेत. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे, ज्यांना जुनी शुगर आहे, त्यांनी ही जोडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जमवूच नये. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण आहेत. सिकलसेलमध्ये किडनीला लवकर इजा होते आणि दुखण्याची गोळी तर वरचेवर लागते. त्यांनीही दुखण्याची कोणती गोळी चालेल हे आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

मग दुखले तर काय करायचे? बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांसाठी साधी पॅरासिटामॉल सहसा कमी धोक्याची असते. तीही ठरलेल्या प्रमाणात, आणि दारू पिणाऱ्याने किंवा काविळीच्या रुग्णाने विचारूनच. गुडघ्याला शेक, चोळायचे मलम, मांडीचे व्यायाम यांनीही फरक पडतो. उलट्या-जुलाब लागले असतील आणि बीपीची, लघवीची किंवा शुगरची गोळी चालू असेल, तर त्याच दिवशी केंद्रात जाऊन विचारा, आजची गोळी घ्यायची की थांबायचे. आणि वर्षातून एकदा तरी रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

टीबीचे औषध चालू असताना

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन हे मोठे औषध आहे. त्याने लघवी लालसर-नारिंगी होते, त्याला घाबरायचे कारण नाही. टीबीतून माणूस उठतो त्यात याचा वाटा मोठा आहे. पण हेच औषध यकृताला इतके कामाला लावते की सोबतच्या कितीतरी गोळ्या अंगी लागण्याआधीच बाहेर फेकल्या जातात.

घरातली सून टीबीचे औषध घेत असेल आणि पाळणा लांबवण्यासाठी माला-एन गोळी घेत असेल, तर त्या गोळीचा भरवसा राहत नाही. एकही दिवस न चुकवता गोळी घेऊनही दिवस जाऊ शकतात. आणि मग घरात बोलणी तिलाच बसतात, की गोळी घ्यायला विसरलीस. चूक तिची नसते. टीबीचा उपचार चालू असेपर्यंत आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही पुढचे ४ आठवडे तांबी किंवा निरोध असे दुसरे साधन लागते. कोणते साधन योग्य ते सिस्टरशी किंवा आशाताईशी बोलून ठरवावे.

शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा जोरही रिफाम्पिसिनमुळे कमी होतो. साखर वाढते, डॉक्टर गोळी वाढवतात. हे ठीक आहे. पण सहा महिन्यांनी टीबीचे औषध संपते, यकृत पुन्हा आपल्या चालीवर येते आणि शुगरची वाढवलेली गोळी तशीच चालू राहते. मग साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून टीबीचे औषध सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा, अशी दोन्ही वेळा शुगरची गोळी डॉक्टरांना दाखवायची. दुसरी वेळ बहुतेक जण विसरतात.

हृदयात झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी एसिट्रोम किंवा वॉरफेरिन गोळी असते. तिचेही असेच होते आणि झडपेवर गुठळी धरण्याची भीती असते. फिट्सच्या रुग्णांचा प्रश्न आणखी गुंत्याचा आहे. टीबीच्याच औषधांतले आयसोनियाझिड उलटे काम करते. ते फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या फिट्सच्या गोळ्या रक्तात साठवू लागते. झोक जाणे, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, झापड येणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा रुग्णाला टीबीचे औषध सुरू करताना फिट्सची गोळी सांगितलीच पाहिजे.

एचआयव्हीच्या उपचारात डोल्युटेग्राविर ही गोळी असते. रिफाम्पिसिनबरोबर ती दिवसातून एकदा पुरत नाही, १२ तासांच्या अंतराने दोनदा द्यावी लागते. सरकारी कार्यक्रमात याची सोय आहे. पण ती कोणाला मिळणार? टीबीच्या दवाखान्यात एआरटीची गोळी सांगितली त्याला. लाजेने लपवली त्याला नाही.

लपवलेल्या गोळीची किंमत

लपवण्यावरून जपानमधली एक खरी घटना सांगितली पाहिजे.

१९९३ साली जपानमध्ये नागिणीवर सोरिव्हुडिन नावाची नवी गोळी बाजारात आली. थोड्याच आठवड्यांत ती घेणारे किमान १५ रुग्ण दगावले. हे रुग्ण कॅन्सरवरचे फ्लुरोयुरॅसिल गटातले औषधही घेत होते. त्या औषधाची विल्हेवाट लावण्याचे शरीरातले काम नव्या गोळीने बंद पाडले. कॅन्सरचे औषध रक्तात साठत गेले आणि त्याचे विष झाले.

आता खरी गोष्ट ऐका. त्या काळी जपानमध्ये रुग्णाला कॅन्सर झाला आहे हे त्याला सांगायची पद्धत नव्हती. डॉक्टर सांगत नसत, घरचे सांगत नसत. आपण कोणते औषध घेतो आहोत हेच रुग्णाला ठाऊक नव्हते, मग नागिणीसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर तो काय सांगणार? एका डॉक्टरला एक गोळी माहीत होती, दुसऱ्याला दुसरी. दोन्ही माहीत असणारे कोणीच नव्हते.

आपल्या वस्तीत वेगळे काय चालले आहे? टीबी लपवतात, मुलीचे लग्न अडेल म्हणून. एचआयव्ही लपवतात. मनाच्या आजाराची गोळी उशाखाली ठेवतात. पाळणा लांबवण्याची गोळी सासूपासून लपवतात. शेजाऱ्यापासून लपवा, तो तुमचा हक्क आहे. पण औषध लिहून देणाऱ्यापासून लपवू नका. चारचौघांत बोलायला संकोच वाटत असेल तर "मला थोडे एकांतात बोलायचे आहे" एवढे म्हणा. रुग्णाचे गुपित राखणे हे डॉक्टर आणि नर्स दोघांचेही कर्तव्य आहे.

आणखी काही जोड्या

खालच्या जोड्या घरात दिसल्या तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता विचारून घ्या.

• एसिट्रोम किंवा वॉरफेरिन, आणि सोबत दुखण्याची गोळी, जुलाबावरची मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमोक्साझोल. रक्तस्राव होऊ शकतो.

• हृदयासाठीची ॲस्पिरिन (इकोस्प्रिन), आणि सोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. जठरात जखम होऊन रक्त जाऊ शकते. शिवाय आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचे गुठळी अडवण्याचे कामही बिघडवू शकते.

• प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडची गोळी आणि दुखण्याची गोळी. जठराला दुहेरी मार. "एका दिवसात गुडघे मोकळे" असे सांगून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते, हे विसरू नका.

• ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड, आणि सोबत गजकर्णावरची फ्लुकोनाझोल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, कोट्रायमोक्साझोल. साखर एकदम उतरू शकते.

• कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन, आणि सोबत क्लॅरिथ्रोमायसिन. अंगातले स्नायू दुखून त्यांना इजा होऊ शकते, लघवी काळपट होते.

• झोपेची अल्प्राझोलाम, आणि सोबत ट्रामाडॉल किंवा कोडीनचे खोकल्याचे औषध. त्यावर दारू घेतली तर धोका आणखी वाढतो. झोपेतच श्वास मंदावतो.

• छातीतल्या कळेसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि पुरुषी ताकदीसाठी घेतलेली सिल्डेनाफिल. बीपी धाडकन खाली येऊन जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्याचे डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

नाव एक, गोळ्या दोन

पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेले नाव असते. आतल्या औषधाचे नाव बारीक अक्षरात असते. आपण ओळखतो ते मोठे नाव. पण ओळख ठेवायची ती बारीक नावाची.

एक साधे उदाहरण. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही दोन्ही असतात. ताप आला म्हणून कॉम्बिफ्लाम घेतली, तासाभराने डोलो ६५० घेतली, संध्याकाळी सर्दीची गोळी घेतली. त्या सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असते. घरच्यांच्या हिशेबाने तीन वेगळ्या गोळ्या झाल्या. यकृताच्या हिशेबाने एकच औषध तीनदा गेले.

अशा जोडगोळ्यांचा आपल्या देशात सुळसुळाट झाला होता. केंद्र सरकारने १० मार्च २०१६ रोजी ३४४ जोड-औषधांवर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ जोड-औषधांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ जोड-औषधे बंद झाली. सगळ्याच जोडगोळ्या वाईट नसतात. टीबीच्या आणि एचआयव्हीच्या जोडगोळ्यांनी रुग्णाचे काम सोपे केले आहे. पण पाकिटात नेमके काय आहे हे माहीत असले पाहिजे.

नियम आपल्या बाजूने आहेत. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावे, असे मेडिकल कौन्सिलने २०१६ साली सांगितले आहे. २०१५ च्या फार्मसीच्या नियमांनुसार औषध देताना रुग्णाला समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे. मेडिकलमध्ये "या गोळ्या माझ्या बीपीच्या गोळीबरोबर चालतील का?" असे विचारणे हा आगाऊपणा नाही. त्याला उत्तर देणे हे त्यांचे कामच आहे. ज्या पाकिटावर उभी लाल रेषा आहे, ते औषध चिठ्ठीशिवाय मागू नका आणि कोणी दिले तरी घेऊ नका.

आपण काय करायचे

पहिले काम, पिशवी एकच ठेवा, पण माणसागणिक वेगळी. आजीची गोळी आजीच्या पिशवीत, आजोबांची आजोबांच्या. मुदत संपलेल्या, नाव पुसलेल्या आणि उरलेल्या गोळ्या बाजूला काढा.

दुसरे काम, पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एक यादी करा. वर माणसाचे नाव आणि वय. खाली औषधाचे बारीक अक्षरातले नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायचे, कधीपासून चालू, कोणत्या दवाखान्याने दिले. कोणत्या औषधाने पूर्वी पुरळ आले, सूज आली, तेही लिहा. काढा, चूर्ण, पुडी चालू असेल तर तीही लिहा. मिलिग्रॅमचा आकडा चुकवू नका.

तिसरे काम, कोणत्याही दवाखान्यात जाताना पिशवी आणि पुठ्ठा दोन्ही सोबत न्या. दात काढायला जाताना, नागीण किंवा गजकर्ण दाखवायला जाताना, गावातल्या डॉक्टरकडे सुई घ्यायला जाताना सुद्धा. आणि तीन प्रश्न विचारा. ही नवी गोळी माझ्या चालू गोळ्यांबरोबर चालते का? कोणती कशाच्या आधी, किती अंतराने घ्यायची? काय झाले तर लगेच परत यायचे?

चौथे काम, शेजारणीची गोळी घेऊ नका आणि आपली देऊ नका. तिला लागू पडली म्हणून तुम्हाला पडेल असे नसते, कारण तिची पिशवी वेगळी आणि तुमची वेगळी.

पाचवे काम आपल्या शिकलेल्या पोरापोरींसाठी. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास बसा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटांवरची नावे पुठ्ठ्यावर उतरवून द्या. फक्त उतरवून द्या. कोणती गोळी बंद करा, कोणती चालू ठेवा, हे सांगण्याचे काम आपले नाही. आणि कोणाच्या पिशवीत काय दिसले हे विहाराच्या पायरीखाली उतरता कामा नये. ज्यांना दाखवायचे नसेल त्यांच्यावर सक्ती करू नका. त्यांची यादी आशाताई किंवा सिस्टर करून देतील.

लगेच दवाखाना गाठा

दोन औषधे एकत्र सुरू झाल्यावर पुढचे काही दिसले तर उद्याची वाट पाहू नका. लघवी खूप कमी होणे, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज. काळी, डांबरासारखी शी किंवा रक्ताची उलटी. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. डोळे पिवळे होणे. अंगभर पुरळ, तोंडात फोड, श्वास लागणे. न उठवता येणारी झोप. घाम, थरथर, भोवळ, बरळणे ही साखर उतरल्याची खूण आहे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा आणि मग दवाखान्यात न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. दवाखान्यात जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत न्या. त्यावरून डॉक्टरांचा अर्धा शोध तिथेच संपतो.

औषधाचा त्रास झाला तर त्याची नोंद करण्याचीही सोय आहे. भारत सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचा बिनपैशाचा फोन १८००-१८०-३०२४. ही नोंद डॉक्टरच नव्हे, रुग्ण आणि त्याचे घरचेही करू शकतात. साखरखेर्ड्यातल्या एका आजीला झालेला त्रास कागदावर आला नाही, तर तो झालाच नाही असे धरले जाते. तो कागदावर आणा.

एका डॉक्टरला एक गोळी माहीत असते, दुसऱ्याला दुसरी. दोन्ही माहीत असणारे माणूस आपल्याच घरात असते. आज जेवणे झाली की पिशवी खाली काढा, पाकिटे ओळीने मांडा आणि पुठ्ठा लिहायला घ्या.

जय भीम.